आजीच्या दाढेची वाट

प्रिन्स अल्बर्ट
७ मे १९७४

सीद,

तू मोदेस्तच्या होडीवर गोळी झाडलीस, ही बातमी तुझ्या सख्ख्या बहिणीला कुठे कळावी? दवाखान्याच्या धोबीखान्यात, चादरी पिळताना, एका परक्या बाईकडून! तिचा भाचा मासे घ्यायला बोआ-नोआरला येतो. ती मला मजेत सांगत होती, "उत्तरेत कोणी अल्सीद मालबफ आहे म्हणे, आधी खुर्चीनं माणसाचे दात पाडले आणि मग बंदूक काढली." मी म्हटलं, हो का, असतात असे लोक. आणि चादर पिळत राहिले.

आई म्हणायची, आमचा सीद आधी मारतो आणि मग कोणाला लागलं ते बघतो. तेव्हा आपण सगळे हसायचो. आता मला हसू येत नाही. सहा वर्षं तुम्ही दोघं एका भांड्यातून चहा प्यायलात, एका तंबूत घोरलात. आणि आता हे!

असो. कामाचं लिहिते. मिनियापोलिसचे एक नवरा-बायको आहेत, हार्लन आणि बेट्सी टोफ्ट. हार्लनची मावशी इथे दवाखान्यात होती, तेव्हा ओळख झाली. टायर विकतो, माणूस गोड आहे. दोघांना जुलैत रस्त्यावरच्या पुलापासून बोआ-नोआरपर्यंत होडीनं जायचंय. तळ्यांच्या लांबच्या वाटेनं जावं की घुबड नदीच्या जवळच्या वाटेनं? यंदा बर्फ उशिरा फुटला, पाणी मोठं आहे असं ऐकलं. तुझ्याइतकं ते पाणी कोणाला कळत नाही, म्हणून विचारते. आजीच्या दाढेच्या धबधब्याच्या वर उतरायची जागा यंदा कशी आहे, तेही लिही.

फिलो


बोआ-नोआर
१९ मे

फिलो,

आधी ते खुर्चीचं. ईस्टरच्या नाचात मोदेस्त लारिव्हिएर सगळ्यांसमोर म्हणाला, "सीदच्या बाबांची खांदेवाट म्हणजे गुडघाभर चिखल. होडी खांद्यावर घेऊन तिथून गाढवसुद्धा जाणार नाही, म्हणून तर सीद जातो." लोक हसले. ज्यूलनं फिडल थांबवून हसून घेतलं! बाबांनी ती वाट कुऱ्हाडीनं एकट्यानं काढली, ती काढताना त्यांचं बोट गेलं. तर मी फिडलवाल्याची खुर्ची उचलली. दात तीन गेले. पुढचे होते, चावायला लागत नाहीत.

त्यानं काय फुलं वाहिली नाहीत मला. दुकानाच्या दारात त्यानं मला बिडाच्या तव्यानं हाणलं, नाक अजून एका बाजूला बघतंय. आणि मग म्हणे, भागीदारी संपली, यंदापासून पाहुणे मी माझे नेणार, जवळच्या वाटेनं, घुबड नदीनं. बर्फ फुटला त्या दिवशी तो धक्क्यावर होडी भरत होता, शीळ घालत. ती शीळ माझ्या डोक्यात गेली. मी होडीला गोळी मारली, माणसाला नाही. आता होडीत माणूस बसलेला होता, त्याला मी काय करू?

तेव्हापासून तो गावात नाही. कुठे गेला देव जाणे.

आता तुझ्या टायरवाल्याचं. त्याला तळ्यांच्या वाटेनं पाठव. लांब आहे, डास आहेत, बाबांच्या खांदेवाटेवर बूट चिखलात राहतील, पण माणसं जिवंत घरी पोचतील. घुबड नदी यंदा वेडी झाली आहे. पाणी वर झाडांच्या मुळांशी चढलंय. खडक सगळे बुडालेत, त्यामुळे वरून पाहिलं तर ती शांत वाटते, तिथेच माणूस फसतो.

आणि ऐकायचंच नसेल त्यांना, तर हे लिहून दे. मोठ्या वळणानंतर डावा काठ सोडायचा नाही. पुढे डाव्या काठावर मोदेस्तचं मानाचं झाड दिसेल. उंच स्प्रूस, कमरेच्या फांद्या छाटलेल्या, डोक्यावर शेंडी ठेवलेली. होडीचं तोंड सरळ त्या झाडावर धरायचं. त्याच्या बुंध्याशीच संथ पाणी आहे, दोन होड्या मावतील एवढं. बाकी काठ सगळा सारखा, नुसती झुडपं आणि धार. झाड ओलांडून खाली गेलात की आजीची दाढ. त्या धबधब्यानं चावलेलं काही आख्खं बाहेर पडत नाही.

ते झाड मीच चढून छाटलं होतं, तुला आठवत असेल. ज्या वर्षी मोदेस्तनं मला बर्फाखालून केसाला धरून ओढून काढलं त्या वर्षी. जिवंत माणसाला आपण दुसरा कुठला मान देतो? माझ्याच हातानं दिला.

मूस हरणाचं सुकं मांस पाठवतोय, विमानवाल्यानं वाटेत खाल्लं नाही तर पोचेल.

सीद


प्रिन्स अल्बर्ट
२ जून

सीद,

मांस पोचलं, अर्धं. विमानवाल्याला सांग, बहीण विचारत होती, चव कशी होती?

वाटेचं सगळं नीट लिहिलंस, उपकार झाले. टोफ्ट मंडळींचा कल जवळच्या वाटेकडे आहे. त्यांना धबधबा बघायचाय. काळजी करू नकोस, त्यांच्याबरोबर पाणी कळणारा माणूस असणार आहे.

तुला एक विचारू? रागावू नकोस. म्हणजे रागावशीलच, पण पत्र वाचून संपव आणि मग रागाव. मोदेस्त एवढा वाईट आहे का रे? एका नाचात एक वाक्य बोलला. पिऊन बोलला. त्याच माणसानं तुला बर्फाखालून काढलं, आणि तेव्हा त्याच्या हाताची कातडी सोलून निघाली होती, मी बांधली होती ती. तू मला वल्ह्यानं मारलं होतंस, मनगट मोडलं होतं, तरी मी तुला पत्र लिहितेच ना? थंडीत दुखतं अजून. लिहिताना दुखतं. तरी लिहिते.

नदी काय आपल्या बाबांची आहे? खांदेवाट त्यांची, मान्य. नदी देवाची आहे. दोन वाटा आहेत, दोन माणसं आहेत, एकेक घ्या आणि गप्प बसा.

फिलो


बोआ-नोआर
१६ जून

फिलोमेन,

तुझ्या पत्राच्या आदल्याच दिवशी दुकानातल्या उर्स्यूलनं मला सांगितलं की मोदेस्त तुझ्याच शहरात आहे, त्यानं नवे दात बसवलेत, आणि जुलैत तो पाहुणे घेऊन घुबड नदीनं येतोय. टायर विकणारे पाहुणे. हे तू मला लिहिलं नाहीस. "पाणी कळणारा माणूस" असं लिहिलंस. छान. मी त्याला माझ्याच हातानं वाट लिहून दिली! मी केवढा बावळट ते आता तो तुझ्या शहरात नव्या दातांनी हसून सांगत असेल.

उर्स्यूलच्या दुकानाची काच फुटली. ती मी बसवून देणार आहे.

मग मी थोडे दिवस नदीवर जाऊन आलो. एकटाच. डोकं थंड करायला. कुऱ्हाडीचा दांडा तुटला, नवा घातला. हात सोलवटलेत म्हणून अक्षर असं. पलीकडे पश्चिमेला जंगल पेटलंय, धूर नदीवर येऊन बसलाय, दुपारी सूर्य तांबडा दिसतो.

त्या टायरवाल्यांना सांग, तळ्यांच्या वाटेनं जा. मोदेस्तला सांगायची गरज नाही, त्यांना सांग. मला कारण विचारू नकोस. मी सांगतो म्हणून, एकदा तरी, कर.

सीद


प्रिन्स अल्बर्ट
२७ जून

सीद,

उर्स्यूलनं तुला अर्धंच सांगितलं. तिला अर्धंच माहीत होतं.

एप्रिलच्या शेवटी मोदेस्त इथे आला तेव्हा दातांच्या जखमा चिघळून त्याचं तोंड एवढं सुजलं होतं की मी ओळखलं नाही. दवाखान्यात आला होता. मी त्याला सूप पाजलं, आठवडाभर, कपानं. तो बोलू शकत नव्हता म्हणून मीच बोलत होते. मग तो बोलायला लागला, आणि त्यानं पहिलं काय विचारलं माहीत आहे? "सीदचं नाक कसं आहे?" मेच्या शेवटी फादर ओनेझिमनी आमचं लग्न लावलं. मी तुला लिहिलं नाही, कारण मला तुझी भीती वाटली. लिहायला सोपं नाही हे वाक्य, पण लिहिलं.

तर मी आता फिलोमेन लारिव्हिएर आहे. आणि त्या होडीत मी असणार आहे, सीद. पुढच्या बाजूला, वल्ह्यावर. मोदेस्त मागे. टोफ्ट नवरा-बायको दुसऱ्या होडीत, आमच्या मागून. स्वयंपाकाला कोणी हवंच होतं, आणि मला माझी नदी बघायची होती. या शहरात नळाचं पाणी आहे, त्याला आवाज नाही.

तू तळ्यांच्या वाटेचा हट्ट का धरलास ते मला कळलं. पाहुणे मोदेस्तच्या वाटेनं यशस्वी जाऊ नयेत, बाबांच्या वाटेनं यावेत. मोदेस्तला मी तुझा निरोप सांगितला. तो हसला आणि म्हणाला, "बोआ-नोआरला पोचलो की सीदच्या पाया पडेन, पण नदी हीच."

एक जुलैला पुलापासून निघू. नऊ तारखेला आजीच्या दाढेपाशी असू, पाहुणे फोटो काढतील, मग खांद्यावर होड्या घेऊन खाली. दुसऱ्या दिवशी गावात. तू धक्क्यावर ये. बंदूक घरी ठेव. गॅलेटच्या रोट्या भाज, आई भाजायची तशा, चरबी जास्त घालून. माझ्या नवऱ्याच्या नव्या दातांना चावायला काहीतरी लागेल.

तुझी,
फिलो


बोआ-नोआर
३० जुलै

फिलो,

तू बोलत नाहीस असं दवाखान्यातून कळलं. विमानात चढवताना मी तुझा हात धरला, तू तो काढून घेतलास. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पोलिसांनी मला गाव सोडायला बंदी केली आहे. मी सोडणारही नव्हतो. हे तू वाचशील की नाही माहीत नाही, तरी सगळं लिहितो.

झाड मी तोडलं.

जूनमध्ये, उर्स्यूलची काच फोडल्यावर, मी सरळ नदीवर गेलो आणि मोदेस्तचं मानाचं झाड बुंध्याशी कापलं. मान मी दिला होता, मीच परत घेतला, एवढंच डोक्यात होतं. आपल्याकडे माणसाचं झाड तोडणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखं आहे. प्रत्येक घावाला मी त्याचं नाव घेत होतो. दांडा तुटला तेव्हा दुसरा केला आणि पुन्हा लागलो. मला आनंद होत होता, फिलो. खोटं लिहीत नाही.

झाड धारेत पडलं आणि वाहून गेलं. मग मी काठाकडे पाहिलं. काठ सगळा सारखा होता. धुरात तर डावं-उजवंसुद्धा सारखं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ते नुसतं त्याचं झाड नव्हतं. उतरायची खूण तेच होतं. मी पिठाचं पोतं तरी तिथे बांधायला हवं होतं. बांधायला गेलोसुद्धा. मग म्हटलं, शोधू दे थोडा, घाम फुटू दे त्याला. आणि घरी येऊन तुला ते "तळ्यांच्या वाटेनं जा" लिहिलं. खरं कारण लिहायची लाज वाटली.

तुझं पत्र मला आठ तारखेला मिळालं. आगीच्या धुरामुळे विमान उतरत नव्हतं. मी दुकानाच्या पायरीवर वाचलं आणि तिथूनच पळालो, बूटही नीट घातले नव्हते. रात्रभर वल्हं मारलं. दाढेच्या खाली होडी सोडली, होडीतली बंदूक घेतली आणि दाढेला वळसा घालणाऱ्या खांदेवाटेनं धावत वर गेलो. पडलो, उठलो. बुंध्यापाशी पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं, आणि पाण्यावर धूर एवढा की पलीकडचा काठ दिसत नव्हता. मी बुंध्यावर उभा राहून ओरडत राहिलो. दाढेच्या आवाजापुढे माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

मग तुमची होडी धुरातून बाहेर आली. काठाला धरूनच येत होती, हळूहळू, शोधत. मी हात हलवले. बंदूक उचलली आणि हवेत बार काढले. तीन. तीन बार म्हणजे धोका, इकडे या, हे उत्तरेत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आणि तुमची होडी माझ्याकडे येता येता उजवीकडे वळली. आत, धारेत. मी तुझ्या नावानं ओरडलो. होडी वर उचलली गेली आणि गेली.

मागून टोफ्ट आले. त्यांना मी कोण ते माहीत नव्हतं. त्यांनी बघितलं की एक माणूस काठावर उभा राहून बोलावतोय, आणि ते आले. सरळ माझ्या पायाशी येऊन लागले. बेट्सीनं मला विचारलं, "ते पुढे का गेले?"

खाली गेलो तेव्हा तू डोहात होतीस, होडीच्या तुकड्याला धरून. मी उडी टाकली, तुला केसाला धरून काढलं. तुझं रक्त माझ्या तोंडात गेलं. मोदेस्त तेव्हा सापडला नाही. दोन दिवसांनी बीव्हरांनी घातलेल्या लाकडांच्या बांधाला लागलेला मिळाला. चेहरा दाढेनं ठेवला नव्हता. नव्या दातांवरून ओळखला. मीच ओळखला, दुसरं कोणी जवळ जायला तयार नव्हतं. खड्डाही मीच खणला. ज्यूल मदतीला आला, त्याला मी ढकलून दिलं, तेव्हा त्यानं मला फावड्यानं मारलं. मी मारू दिलं.

पोलिसांना तुला हवं ते सांग. झाडाचंही सांग. पण एका गोष्टीनं मी वेडा होईन. त्यानं मला पाहिलं होतं, फिलो. बघितलं आणि होडी वळवली. माझ्या हातानं वाचण्यापेक्षा त्याला दाढ बरी वाटली. तुला घेऊन! एवढा राग त्याच्या मनात होता, तर नाचात, दुकानात, धक्क्यावर मला मारून का नाही टाकलं? मी त्याचं सगळं विसरेन, तुला घेऊन गेला हे विसरणार नाही.

तो तेव्हा काय म्हणाला? एवढंच लिही. काही म्हणाला का?

सीद


प्रिन्स अल्बर्ट
१९ ऑगस्ट

अल्सीद,

मी बोलते आता. डावा पाय गुडघ्यापासून काढला, तो सोडून बाकी सगळं जागेवर आहे. पोलिस आले होते. त्यांना मी झाडाचं सांगितलं. ते तुला घ्यायला येतील. भांडू नकोस त्यांच्याशी.

तू पत्राच्या शेवटी त्याच्यावर राग काढलास. थडग्यातल्या माणसावर. म्हणून लिहिते, नाहीतर लिहिणार नव्हते. तुझं पत्र मी नर्सकडून परत परत वाचून घेतलं. मला वाटलं, जे झालं ते माझ्याजवळच राहू दे. पण तू त्याला दोष देत मरशील हे मला चालणार नाही. तो माझा नवरा होता.

तू विचारलंस, तो काय म्हणाला.

झाड दिसेना तेव्हा त्यानं शिव्या दिल्या नाहीत. म्हणाला, "पडलं असेल बिचारं, पाणी किती चढलंय बघ. काठाला चिकटून राहू." मग धूर थोडा फाटला आणि तू दिसलास. तो मागून म्हणाला, "अगं तो बघ, सीद! बुंध्यावर उभा आहे. देवानंच पाठवला. तो उभा आहे तिथेच लागू." आणि हसला. मला त्याचं हसू दिसलं नाही, ऐकू आलं. होडीचं तोंड त्यानं तुझ्याकडेच धरलं होतं. आम्ही इतके जवळ होतो की तुझे बूट उलटसुलट घातलेले मला दिसले.

मग तू बंदूक उचललीस आणि पहिला बार झाला.

तीन बार म्हणजे काय ते मला माहीत आहे. पण पहिला बार एकच असतो, सीद. तो ऐकल्यावर माणसाला पुढचे दोन मोजत बसायला वेळ नसतो. मोदेस्तनं ते मोजायचं ठरवलं होतं. मी नाही. होडीत पुढे बसलेल्यानं वल्हं बाहेर टाकून जोरात ओढलं की होडी तिकडे वळते, मागचा काहीही करो. तूच शिकवलंस मला. मी उजवीकडे वल्हं टाकलं आणि अंगात होतं तेवढं सगळं ओढलं. तुझ्यापासून लांब. मोदेस्त ओरडला, "फिलो, वेडी झालीस का? तो बोलावतोय आपल्याला!" मी पुन्हा ओढलं. दुसरा बार झाला तेव्हा आम्ही धारेत होतो. तिसरा मला ऐकू आला नाही.

त्यानं तुझ्यावर भरवसा ठेवला होता. मी नाही ठेवला.

फिलोमेन